इथेनॉलमिश्रित पेट्रोल : राष्ट्रहित आणि घरातील जुनी गाडी

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इतिहास, संस्कृती आणि समाजकारण हे व्याख्यानमालेचे नित्याचे विषय. त्या पंक्तीत गाडीच्या टाकीतील पेट्रोलाचा विषय कसा शोभेल, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु देशाची परकीय गंगाजळी, शेतकऱ्याच्या उसाचे आणि मक्याचे मोल आणि मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा खर्च ही तिन्ही सूत्रे ज्या एका थेंबात एकत्र येतात, तो हा थेंब आहे. त्याविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘हे पेट्रोल म्हणजे इंजिनाला विष.’ दुसरा म्हणतो, ‘काहीही होत नाही, हा सारा अपप्रचार आहे.’ यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात माझी हयात गेली. त्या अधिकारात एवढेच सांगतो, की ही दोन्ही मते अपुरी आहेत. ज्याच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी किंवा स्कूटर उभी आहे, त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. त्याला हवी आहे ती नेमकी माहिती.

एक जुना संकल्प

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. तो पेट्रोलात मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच, १९४८ साली, ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ हा कायदा झाला. पुढे स्वस्त खनिज तेलाच्या काळात हा विचार मागे पडला आणि २००० साली तो कायदाही रद्द झाला. त्यानंतर लगेच, २००१ मध्ये, नव्याने प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतील दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात होता. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र आणि गोवा त्यांत होते.

संकल्प झाला, परंतु सिद्धीला वेळ लागला. २०१३-१४ मध्ये देशातील प्रत्यक्ष मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० हे वर्ष ठरवले होते. ते पुढे अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा नियोजित वेळेच्या पाच महिने आधी गाठला गेला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोलाच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले.

आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या मिश्रणामुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. हा पैसा आखातात न जाता साखर कारखान्याच्या आसवनीत आणि तेथून शेतकऱ्याच्या खात्यात जातो. अशा कार्यक्रमाचे स्वागत करण्यास कोणाही देशहितचिंतकाला संकोच वाटण्याचे कारण नाही. आणि कार्यक्रम मोलाचा आहे म्हणूनच त्याच्या दुसऱ्या बाजूची चर्चा आपणच, आपल्या घरात बसून, मोकळेपणाने केली पाहिजे.

इथेनॉलचा स्वभाव

पेट्रोल आणि इथेनॉल यांच्या स्वभावात चार महत्त्वाचे भेद आहेत. जुन्या गाडीचा सारा प्रश्न त्यांतून उद्भवतो.

पहिला भेद उष्णतेचा. एक लिटर पेट्रोल जाळून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा एक लिटर इथेनॉलमधून मिळते. या हिशेबाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये दर लिटरला सुमारे साडेसहा ते सात टक्के ऊर्जा कमी असते, तर दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत सुमारे साडेतीन टक्के. हे निसर्गाचे गणित आहे. ते कोणत्याही सरकारच्या बाजूचे नाही आणि विरोधातलेही नाही.

दुसरा भेद प्राणवायूचा. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळण्यासाठी बाहेरची हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. ई-२० साठी हे प्रमाण साधारण साडेतेरावर येते. याचा लाभ असा, की ज्वलन अधिक स्वच्छ होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. अडचण अशी, की जे इंजिन जुन्याच प्रमाणात हवा घेत राहील, त्याला मिश्रण पातळ पडेल.

तिसरा भेद ऑक्टेनचा, आणि येथे इथेनॉलची बाजू भक्कम आहे. त्याचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक आहे. जे इंजिन त्याचा लाभ घेण्यासाठी अधिक दाबाचे आणि त्यानुसार जुळवलेले असते, ते गमावलेल्या ऊर्जेचा काही भाग भरून काढते. जुन्या इंजिनाचा दाब मात्र कारखान्यात ठरलेला असतो. वाढीव ऑक्टेन त्याला फारसा उपयोगी पडत नाही.

चौथा भेद पाण्याचा. पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. पाणी टाकीच्या तळाशी वेगळे बसते. इथेनॉल मात्र पाणी शोषून घेते. थोडे पाणी ते सामावून घेते. परंतु मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्यासह तळाला जाते. दहा टक्के मिश्रणात, साधारण तापमानाला, ही मर्यादा सुमारे अर्धा टक्का पाण्याची असते. इथेनॉलचे प्रमाण वाढले की ती थोडी वाढते. तळाचा तो थर इंजिनात गेला, तर गाडी सुरूच होत नाही. म्हणून मिश्रणासाठी निर्जल इथेनॉलच वापरावे लागते आणि पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी झिरपू नये, यासाठी डोळ्यांत तेल घालून दक्षता घ्यावी लागते.

कोणती गाडी किती जुनी?

‘जुनी गाडी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. वास्तविक तिच्या तीन पिढ्या आहेत आणि तिन्हींची स्थिती निराळी आहे.

एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांतील इंधनाशी संपर्कात येणारे भाग ई-२० ला टिकतील असे असावेत, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही ई-२० साठी जुळवलेली असावीत, अशी योजना होती. या गाड्यांच्या मालकांनी चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरी पिढी इंधन-अंतःक्षेपणाच्या, म्हणजे ज्यांना आपण ‘इंजेक्शनची गाडी’ म्हणतो त्या गाड्यांची. चारचाकींमध्ये ही पद्धत २००० च्या आसपास रूढ झाली. दुचाकींत ती सर्वत्र आली एप्रिल २०२० मध्ये, भारत स्टेज-सहा नियमांबरोबर. या गाड्यांच्या धुराड्यात प्राणवायूचा संवेदक असतो. मिश्रण पातळ झाले, की तो संगणकाला कळवतो आणि संगणक इंधन वाढवतो. त्यामुळे अशी गाडी रस्त्यात धाप टाकत नाही. मात्र पेट्रोल थोडे अधिक पिते. रबरी नळ्या, वॉशर आणि पंपाचे काही भाग मात्र तिच्यातही जुन्या प्रतीचे असू शकतात.

तिसरी पिढी कार्बोरेटरची. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, जुनी मारुती ८००, आणि २०२० पूर्वीच्या बहुसंख्य मोटारसायकली व स्कूटर्स. आपल्या समाजातील फार मोठा वर्ग आजही याच दुचाकींवर कामाला जातो. यांच्यात संवेदक नाही, संगणक नाही; जेटच्या छिद्रातून ठरलेले इंधन येते. मिश्रण पातळ झाले, तर सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप मंदावतो, इंजिन अधिक तापते, अधूनमधून ‘मिसिंग’ होते. अनुभवी मेकॅनिक जेट एका मापाने मोठा करून हा दोष बराचसा दूर करू शकतो.

याखेरीज प्रश्न उरतो साहित्याचा. इथेनॉल हा उत्तम द्रावक आहे. जुन्या प्रतीचे रबर, बुचाची गॅस्केटे आणि काही प्लास्टिके त्याने फुगतात, मऊ होतात किंवा कालांतराने तडकतात. त्याच्यासोबत आलेल्या ओलाव्याने टाकीचा पत्रा आणि कार्बोरेटरचा जस्त-ॲल्युमिनिअमचा ओतीव भाग गंजू शकतो. फ्लोरोकार्बन रबराच्या नळ्या मात्र त्याला दाद देत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी जमलेला चिकट थर इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये किंवा जेटमध्ये अडकतो. नवे पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी अडखळू लागली, तर अनेकदा ‘इंजिन गेले’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा कारण हेच साधे असते.

हिशेब मोकळेपणाने मांडावा

जून २०२१ मध्ये निती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालय यांच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट लिहिले आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकी गाडीत ई-२० वापरल्यास इंधनक्षमता सहा ते सात टक्के घटेल. तशा दुचाकीत तीन ते चार टक्के. आणि दहा टक्क्यांसाठी आखून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के. याच अहवालात जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवण्याचा विचार होता, आणि कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित पेट्रोलचा दर कमी असावा, ही सूचनाही होती.

प्रत्यक्षात काय घडले? पंपावर ई-२० हेच साधे पेट्रोल झाले. दरही कमी झाला नाही. त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. २०२१ च्या सुमारास इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. शेतकऱ्याला बरा भाव मिळावा म्हणून त्याचे खरेदीदर वाढत गेले आणि २०२५ मध्ये ते लिटरमागे सरासरी ७१ रुपयांच्या वर पोहोचले. म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातला काही वाटा शहरातला गाडीमालक उचलत आहे.

तो वाटा केवढा? महिन्याला सहाशे किलोमीटर चालणारी, लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी घ्या. तिला चाळीस लिटर पेट्रोल लागत होते. दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर जाताना ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे दीड लिटर अधिक लागेल. लिटरचा दर शंभर रुपये धरला, तर महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे रुपये. त्यात नळ्या आणि गॅस्केटांचा खर्च मिळवा. मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले, की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतील. मात्र हे काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्याजोगे आहे, आणि विम्याच्या वैधतेवर ई-२० चा परिणाम होत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

माझे म्हणणे एवढेच, की ताकाला जाऊन भांडे लपवू नये. शेतकऱ्यासाठी आणि देशाच्या स्वावलंबनासाठी वर्षाला दोन हजार रुपये सोसा, असे या देशातील मध्यमवर्गाला सांगितले, तर तो सोसेल. त्याने याहून कितीतरी अधिक सोसले आहे. परंतु ‘काहीही फरक पडत नाही’ असे त्याला सांगितले आणि गाडीच्या ‘ॲव्हरेज’ने निराळे सांगितले, तर तो गाडीवर विश्वास ठेवील. त्यातून पेट्रोलपेक्षा मोठी हानी होते. एका चांगल्या राष्ट्रीय कार्यक्रमावरील श्रद्धा डळमळते आणि अफवा पसरवणाऱ्याला आयते रान मोकळे मिळते.

इतरांनी काय केले?

ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते प्रेरक आहेच. तेलसंकटानंतर १९७५ साली त्या देशाने इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००३ पासून तेथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या ‘फ्लेक्स’ गाड्या आल्या. २०१५ मध्ये मिश्रण सत्तावीस टक्के झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीस टक्के. परंतु तेथे गाडी आणि इंधन अर्धशतक हातात हात घालून चालत आली आहेत. आपल्याकडे इंधन पुढे गेले आणि कोट्यवधी गाड्या मागे राहिल्या.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल ‘सुपर’ प्रतीत विक्रीस ठेवले आणि आपली गाडी कोणत्या इंधनाला योग्य, हे प्रत्येकाला तपासता येईल अशी शासकीय सोय केली. अमेरिकेने पंधरा टक्के मिश्रणाला अनुमती दिली ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी. मोटारसायकली त्यांतून वगळल्या. जर्मनीत २०११ मध्ये पुरेशी माहिती पोहोचण्याआधी दहा टक्के मिश्रण आले, तेव्हा ग्राहकांनी दीर्घकाळ त्याकडे पाठ फिरवली. धडा स्पष्ट आहे : आधी माहिती, मग पर्याय, मग सक्ती.

आपल्याकडेही एक जुना अनुभव आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजतील, ही भीती होती. ती अगदीच निराधार नव्हती. शिशाचा थर त्या भागाचे रक्षण करत असे. तरीही समाजाने बदल स्वीकारला, गॅरेजवाल्यांनी मार्ग काढले आणि मुलांच्या शरीरात जाणारे शिसे थांबले. त्या वेळी जे जमले, ते आताही जमेल.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. निती आयोगाच्या त्याच अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलसाठी किमान २८६० लिटर पाणी लागते. ज्या मिरजेत २००१ चा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. मका, खराब झालेले धान्य आणि पिकांचे अवशेष यांच्यापासूनचे इथेनॉल म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे. तेलाचे परावलंबन घालवताना पाण्याचे दारिद्र्य विकत घेऊ नये.

आपण काय करावे?

आता घरी गेल्यावर करावयाच्या गोष्टी. गाडीचे पुस्तिकापत्र काढून इंधनाविषयी काय लिहिले आहे, ते पाहा. २०२३ पूर्वीची गाडी असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरचे वॉशर आणि डायफ्रॅम तपासून घ्या. बदलायचे असल्यास इथेनॉलला टिकणारे भागच मागा आणि पावती जपून ठेवा. पेट्रोलचा फिल्टर एकदा लवकर बदला.

पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा तरी फिरवा. मुलगा परगावी शिकायला गेला आणि स्कूटर बंद ठेवायची असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. टाकीचे झाकण आणि त्याचा वॉशर घट्ट बसतो का, ते पाहा. गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला, तर ती सुरू करू नका आणि तात्काळ मेकॅनिकला दाखवा. तडकलेली नळी हा आगीचा धोका आहे, येथे चालढकल नको. आणि नाकापेक्षा मोती जड होऊ लागला, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडला, तर भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या.

येथे तरुण कार्यकर्ते बसले आहेत. त्यांच्यासाठी एक काम आहे. आपापल्या वस्तीतील गॅरेजवाल्यांना एकत्र बोलवा, तंत्रनिकेतनातील एखाद्या शिक्षकाला आणा आणि रविवारी सकाळी दोन तास जुन्या दुचाकींच्या नळ्या तपासण्याचे शिबिर घ्या. फेरीवाले, घरोघरी दूध आणि वृत्तपत्रे पोहोचवणारे यांची रोजी त्या दुचाकीवर चालते. त्यांच्या शंकेला घोषणेने उत्तर मिळत नाही, वीस-तीस रुपयांच्या योग्य वॉशरने मिळते.

शासनाकडेही दोन विनंत्या समाजाने आग्रहाने, परंतु आपुलकीने केल्या पाहिजेत. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहिलेले असावे आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीत कोणते भाग बदलावे, याची यादी उत्पादकांकडून मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध व्हावी. आणि जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर, निदान मोठ्या शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी, दहा टक्क्यांचे संरक्षक पेट्रोल मिळावे. यात कार्यक्रमाला विरोध नाही. कार्यक्रम दीर्घायू व्हावा, ही इच्छा आहे.

स्वावलंबन हे व्रत आहे आणि व्रताला उपवास चुकत नाही. परंतु उपवास करणाऱ्याला तो उपवास आहे हे ठाऊक असावे लागते. तेव्हाच त्याला व्रताचे पुण्य आणि समाधान लाभते. ज्या देशात शेतकरी इंधन पिकवतो आणि नागरिक जाणतेपणाने त्याचा भार वाहतो, त्या देशाला तेलाच्या कोणत्याही बाजाराची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही.